जुना कीबोर्ड : कार्यक्रमास न्यावा कीं घरीं ठेवावा?

“जुनें तें सोनें” आणि “नव्याचे नऊ दिवस” या दोन म्हणी आपल्या घरांत मोठ्या आदरानें उच्चारल्या जातात. परंतु कांहीं विकत घेण्याचा प्रसंग आला म्हणजे दोहींचाही विसर पडतो, आणि दुकानाच्या कांचेआड जें अधिक चकाकतें तेंच अधिक चांगलें, असें डोळे मनास पटवूं लागतात. वाद्यांच्या बाबतींत हा अनुभव हल्लीं पुष्कळ घरीं येतो. मुलगा किंवा मुलगी गणेशोत्सवांतील ऑर्केस्ट्रांत, लग्नाच्या स्वागतसमारंभांत अगर चर्चच्या गायनमंडळांत साथ करूं लागली, कीं थोड्याच दिवसांत आईबापांपुढें प्रश्न उभा राहतो : मामांनीं दिलेला किंवा एखाद्या वयस्क वादकाकडून स्वस्तांत मिळालेला जुना कीबोर्ड आतां पुरे झाला काय? नवा घ्यावा तर कित्येक घरांना कर्ज काढावें लागतें; जुनाच न्यावा, आणि भर सभेंत तो मुका झाला, तर मुलाची फजिती होते व ज्यांनीं विश्वासानें बोलाविलें त्यांचा विरस होतो. प्रश्न दिसण्यांत लहान असला तरी त्यांत घरचा पैसा व मुलाचा शब्द या दोन्ही गोष्टी अडकलेल्या असतात. म्हणून त्याचा शांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ ठरवून घेऊं. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात तें घरगुती वाद्य निराळें, आणि रंगमंचावरील कीबोर्ड निराळा. घरगुती वाद्यांत स्पीकर आंतच बसविलेला असतो, तालाचे ठेके भरलेले असतात, आणि एक बोट दाबलें कीं अर्धा वाद्यवृंद आपोआप वाजूं लागतो. रंगमंचावरील कीबोर्डांत बहुधा स्पीकर नसतोच. त्याच्या पाठीमागून एक तार निघते, ती मिक्सरकडे जाते, आणि तेथून आवाज सभागृहांत पसरतो. त्याची बांधणी टणक असते, आणि बोट हलकें पडलें कीं जोरानें पडलें हें त्याच्या पट्ट्या ओळखतात. अशा जुन्या वाद्यांपैकीं एकाचीच आम्ही येथें सविस्तर परीक्षा करणार आहों. तें म्हणजे जपानच्या यामाहा कंपनीनें १९८३ सालीं बाजारांत आणलेला ‘डी-एक्स ७’ नांवाचा सिंथेसायझर. याचीच निवड करण्याचें कारण असें कीं, या जातीचीं दीड लाखाहून अधिक वाद्यें विकलीं गेलीं, आणि त्यांतील पुष्कळ आज चाळीस वर्षांनंतरही वाजत आहेत. एका रोग्याची प्रकृति नीट तपासली म्हणजे त्याच कुळांतील इतरांचें निदान करणें सोपें जातें.

परंतु तपासणीस आरंभ करण्यापूर्वीं माप कोणतें लावावयाचें तें ठरविलें पाहिजे. आणि तें माप आपल्याच रंगभूमीनें फार पूर्वीं घडवून ठेविलें आहे. पेटी अथवा हार्मोनियम हें मूळचें परदेशी वाद्य. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास त्याला जमिनीवर बसून एका हातानें भाता ओढण्याजोगें रूप दिलें. मराठी संगीत नाटकांत पायपेटी व पुढें ऑर्गन यांनीं असें घर केलें कीं, १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या काळीं ऑर्गनचा सूर हा जणूं नाट्यगृहाचाच सूर होऊन बसला. या पेटीस तज्ज्ञांचा विरोध थोडा झाला नाहीं. तींत मींड निघत नाहीं, श्रुति साधत नाहींत, हे आक्षेप खरेच होते; आणि ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिच्यावर घातलेली बंदी १९७१ पासून कोठें सैल होऊं लागली. इतकें होऊनही पेटी टिकली. कां टिकली? एक तर तिचा सूर गाणाऱ्यास हवासा वाटला. दुसरें, ती उचलून नेतां येत होती. आणि तिसरें, जें सर्वांत महत्त्वाचें, ती बिघडली तर गांवांतल्या गांवांत दुरुस्त होत होती. भाता फाटला तर कातडें चिकटवावें, सूर उतरला तर पितळेची पट्टी अंमळ खरवडावी, आणि एखादा सूर तुटलाच तर गुजराथेंतील पालिताण्याहून आलेला दुसरा बसवावा. आवाज, वाहतूक आणि दुरुस्ती : हींच तीन मापें आम्ही ‘डी-एक्स ७’ लाही लावणार आहों.

आतां आवाजाकडे वळूं. या वाद्याचें रहस्य समजण्यास गवयाच्या गळ्याचें उदाहरण पुरेसें आहे. एखादा स्वर लांबवितांना गवई त्यास किंचित् हेलकावा देतो. स्वर सेकंदाला पांच-सहा वेळां अगदीं थोडा वर जातो व खालीं येतो. हा हेलकावा आपल्या कानास स्पष्ट ऐकूं येतो. तोच जर सेकंदास शेंकडों वेळां होऊं लागला तर काय होईल? कानास तो हेलकावा म्हणून ओळखतांच येत नाहीं. त्याऐवजीं स्वराचा रंगच पालटतो, आणि साध्या शिटीसारख्या आवाजांतून घंटेचा, पितळी वाद्याचा किंवा लांकडावर टोला मारल्याचा आवाज निर्माण होतो. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जॉन चाउनिंग हे संगीतज्ञ १९६७ सालीं संगणकावर असेच प्रयोग करीत असतां ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. १९७७ सालीं तिचें पेटंट झालें, व यामाहानें तें वापरण्याचा हक्क घेतला. या पद्धतीस ‘एफ-एम’ म्हणतात. रेडिओच्या ‘एफ-एम’ मध्येंही मूळ तत्त्व हेंच आहे. ‘डी-एक्स ७’ मध्यें अशा सहा लहरी असून त्यांपैकीं कोणी कोणास हेलकावे द्यावयाचे याच्या ३२ रचना ठरविलेल्या आहेत. पट्टीवर बोट जोरानें पडलें कीं हेलकावा वाढतो, आणि आवाज नुसता मोठा न होतां अधिक धारदारही होतो. या गुणामुळें त्यांतील घंटा, मंद्र तंतुवाद्य आणि विशेषतः विद्युत् पियानोचा आवाज इतका लोकप्रिय झाला कीं, १९८० नंतरच्या दशकांतील पाश्चात्य भावगीतांतून तो ठिकठिकाणीं ऐकूं येतो.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. नवे आवाज घडविण्याची कला या वाद्यांत कठीण होती. जुन्या सिंथेसायझरांवर प्रत्येक गोष्टीस एकेक खुंटी असे, ती पिळली कीं फरक तत्काळ ऐकूं येई. येथें मात्र पुष्कळशा संख्या एका लहानशा पडद्यावर एकेक करून बदलाव्या लागतात. त्यामुळें बहुतेक वादक कारखान्यांतून भरून आलेले आवाजच वापरीत राहिले. आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतून एक बोध घ्यावा : वाद्य जुनें झालें असें म्हणण्यापूर्वीं तें आपणांस पुरतें कळलें आहे काय, हें पाहावें. ज्या घरांत असें वाद्य पडून आहे, तेथें त्याचा बराचसा भाग अजून कोणी वाजविलेलाच नसेल.

दुसरें माप वाहतुकीचें. ‘डी-एक्स ७’ चें वजन सुमारें १४ किलो आहे. एक धडधाकट विद्यार्थी तें पेटींत घालून रिक्षानें नेऊं शकतो. याची किंमत कळण्यास त्याच्या आधींचीं वाद्यें पाहावींत. अमेरिकेंतील हॅरॉल्ड ऱ्होड्स यांच्या नांवाचा विद्युत् पियानो १९६५ पासून विकला जाऊं लागला. त्यांत हातोडी धातूच्या काडीवर पडते, आणि तिचें कंपन विजेच्या साहाय्यानें मोठें केलें जातें. आवाज अत्यंत गोड. परंतु त्याच्या ७३ पट्ट्यांच्या वाद्याचें वजन ६० किलोच्या घरांत. त्याहून जुना १९३५ चा हॅमंड ऑर्गन. त्याचा सर्वांत नांवाजलेला ‘बी-३’ हा प्रकार तर दीडशे किलोहून जड. त्याच्या पोटांत ९१ दांतेरी चाकें एका विद्युत् यंत्रानें फिरत असतात. या यंत्राची गति वीजपुरवठ्याच्या कंपनांवर अवलंबून असते, आणि त्यामुळें एक मौज होते. अमेरिकेंत विजेचीं सेकंदास ६० आवर्तनें होतात, आपल्याकडे ५०. तेथें बनलेला हॅमंड येथें तसाच लावला तर सर्व चाकें सावकाश फिरतात, आणि वाद्य जवळजवळ तीन पट्ट्या खालीं उतरतें. वादकानें काळी एक दाबावी, आणि सभेस खालच्या सप्तकांतील काळी पांच ऐकूं यावी! ‘डी-एक्स ७’ सारख्या अंकगणिती वाद्यांत हा घोटाळा होत नाहीं. त्याची घटिका त्याच्या पोटांतच असते.

तथापि वीज येथेंही विसरून चालत नाहीं. जपानांत विकलेलें वाद्य १०० व्होल्टवर आणि अमेरिकेंत विकलेलें १२० व्होल्टवर चालण्यास बनविलेलें असतें. आपल्या घरीं २३० व्होल्ट येतात. परदेशांतून आलेलें जुनें वाद्य घेतल्यावर त्याच्या पाठीवरील आंकडा न वाचतां तें भिंतींतील विजेस जोडणें म्हणजे क्षणार्धांत त्याची राखरांगोळी करण्यासारखें आहे. विजेचा दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर फार महाग नसतो. तो मात्र वाद्याबरोबर प्रत्येक कार्यक्रमास गेला पाहिजे, आणि तो कोणता हें साथीदारांसही ठाऊक असलें पाहिजे.

आतां तिसरें माप, दुरुस्तीचें. आणि खरी परीक्षा येथेंच आहे. या वाद्याचीं दुखणीं चार. पहिलें दुखणें बॅटरीचें. आंतील ३२ आवाज लक्षांत ठेवण्यासाठीं एक लहान चपटी लिथियमची बॅटरी, सी-आर २०३२ जातीची, पाटीवर डाख देऊन बसविलेली असते. ती कित्येक वर्षें टिकते, परंतु अमर नाहीं. ती संपली कीं वाद्य वाजावयाचें थांबत नाहीं, पण त्यांत भरलेले आवाज नाहींसे होतात व त्यांच्या जागीं चित्रविचित्र गोंगाट ऐकूं येतो. सुदैवानें बॅटरींत किती दम उरला आहे तें वाद्य आपल्या पडद्यावर स्वतःच दाखवितें. आंकडा तीन व्होल्टच्या आसपास असावा. बॅटरी बाजारांत मिळते, व कुशल कारागिराकडून ती बदलून घेण्याचें काम थोड्या वेळाचें आहे. मात्र त्यापूर्वीं सर्व आवाज संगणकांत उतरवून ठेवावे.

दुसरें दुखणें पट्ट्यांचें. पट्टीखालचे संपर्क धूळ व ओलावा यांनीं मळतात. मग एखादी पट्टी वाजेनाशी होते, किंवा हळू दाबली तरी ओरडून उठते. कोंकणांतील पावसाळा या बाबतींत कोणाचीच गय करीत नाहीं. उपाय सफाईचा आहे, आणि तो होण्यासारखा आहे. तिसरें दुखणें बटणांचें व वीजपुरवठ्याच्या भागाचें. बटणें पातळ पडद्याखालीं दबणारीं असल्यामुळें फार वापरलेलीं मंद होतात. आणि वीज साठविणारे कपॅसिटर वयोमानानें सुकतात, म्हणजे आवाजांत गुणगुण येऊं लागते. हींही सुधारतां येतात. परंतु हें काम जाणत्या माणसाचें आहे. उपकरण बंद असलें तरी आंत विजेचा सांठा राहूं शकतो, म्हणून विद्यार्थ्यांनीं कुतूहलानें झांकण उघडूं नये.

चौथें दुखणें मात्र असाध्य आहे. ज्या चिपा सहा लहरींचें गणित करतात त्या यामाहानें या वाद्याच्या कुळासाठींच घडविल्या होत्या, आणि त्या आतां बनत नाहींत. ती चिप गेली तर दुसऱ्या मेलेल्या वाद्यांतून काढून आणण्यावांचून मार्ग नाहीं. पेटीचा सूर पालिताण्यास मिळतो. ऱ्होड्सची काडी आजही विकत मिळते, इतकेंच नव्हे तर २०२१ सालीं त्या नांवाचा नवा पियानोही निघाला. अंकगणिती वाद्याची ही अडचण यांत्रिक वाद्यास नसते. जड वाद्य दुरुस्त होतें, पण उचलत नाहीं; हलकें वाद्य उचलतें, पण एका मर्यादेपलीकडे दुरुस्त होत नाहीं. जुनें वाद्य घेऊन रंगमंचावर जाणाऱ्यानें हा भेद मनांत पक्का ठेवावा.

दुखण्यांचा विचार झाला. आतां जन्मजात उणीवांचा करूं. ‘डी-एक्स ७’ एका वेळीं सोळाच सूर काढूं शकतो. सोळा बोटें कोणास असतात, असें कोणी विचारील. परंतु पायाखालील पेडल दाबून धरलें म्हणजे सोडलेले सूरही घुमत राहतात, आणि सतरावा सूर वाजतांच आधींच्या एकाचा गळा दाबला जातो. हल्लींच्या पुष्कळ वाद्यांत १२८ किंवा त्याहून अधिक सूर एकत्र राहतात. त्याच्या ६१ पट्ट्या हलक्या आहेत. पियानोसारखा भार त्यांस नाहीं. एका वेळीं एकच आवाज. डाव्या हातास एक व उजव्या हातास दुसरा असें विभाजन मूळ वाद्यांत नाहीं. सभागृहाचा घुमारा भासविणारी सोय नाहीं, ती मिक्सरवरून घ्यावी लागते. आणि आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें असें कीं, त्यांत तबला, बांसरी, सतार यांचे खरे ध्वनिमुद्रित नमुने नाहींत. असे नमुने सांठविण्याची चाल रंगमंचावर रूढ होण्यास १९८८ सालच्या कॉर्ग कंपनीच्या ‘एम १’ चा मोठा हातभार लागला. आणि आज भारतीय बाजारासाठीं बनविलेल्या मध्यम किमतीच्या कीबोर्डांतही ते सहज मिळतात. तेव्हां ज्या मुलास एकट्यानें लग्नांत सनई, बांसरी व ढोलकी यांची सर्व उणीव भरून काढावयाची आहे, त्यास ‘डी-एक्स ७’ देणें म्हणजे सुताराच्या हातीं कात्री देण्यासारखें होईल. कात्री वाईट नव्हे. काम निराळें आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग निकाल लागलाच. जुनें वाद्य टाकावें. परंतु जुन्याच्या बाजूनेंही दोन भक्कम साक्षी आहेत. पहिली ‘मिडी’ नांवाच्या भाषेची. निरनिराळ्या कंपन्यांचीं वाद्यें एकमेकांशीं बोलूं शकावींत म्हणून अमेरिकेचे डेव्ह स्मिथ, जपानचे इकुतारो काकेहाशी व त्यांचे सहकारी यांनीं जुळविलेली ही भाषा १९८३ सालींच प्रसिद्ध झाली, आणि ‘डी-एक्स ७’ च्या पाठीवर तिचीं पांच टांचण्यांचीं भोंकें आहेत. ती भाषा आजही चालू आहे. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वींच्या पट्ट्यांनीं आजचा संगणक किंवा अद्ययावत ध्वनिसंच वाजवितां येतो. यांत दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या : मूळ ‘डी-एक्स ७’ केवळ पहिल्या मार्गावर बोलतो, आणि बोटाचा जोर १२७ पर्यंत मोजण्याची चाल असतां याच्या पट्ट्या त्या टोंकापर्यंत पोंचत नाहींत, त्यामुळें दुसरें वाद्य थोडें दबकें वाजतें. ऐकणाऱ्या वाद्याची संवेदनशीलता वाढविली कीं ही अडचण दूर होते. ज्या काळांत टेलिफोनच्या तारेचें टोंक दर चार वर्षांनीं बदलतें, त्या काळांत इतका दीर्घ इमान दुर्मिळच म्हटला पाहिजे.

दुसरी साक्ष मुंबईची आहे. चित्रपटसंगीतांत साथ करणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं रोलंड कंपनीचीं त्या वेळचीं वाद्यें घेऊन दहा रागांची एक विलक्षण तबकडी केली. तेव्हां तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. २०१० सालीं ती पुन्हां प्रसिद्ध झाली, आणि देशोदेशींच्या तरुण श्रोत्यांनीं तिला डोक्यावर घेतलें. वाद्यें तीं, राग ते, वादक तेच; बदलले ते ऐकणाऱ्यांचे कान. तेव्हां एखादा आवाज जुना झाला असें आपण म्हणतों, त्याचा अर्थ पुष्कळदां इतकाच असतो कीं, तो तूर्त बाजारांत चालत नाहीं.

उलट बाजूची साक्षही ऐकली पाहिजे. मूळच्या पेटंटाची मुदत केव्हांच संपली असून ‘डी-एक्स ७’ चा आवाज आतां त्या वाद्यावांचूनही मिळतो. ‘डेक्सेड’ नांवाची संगणकाची प्रणाली फुकट मिळते, आणि ती जुन्या वाद्याचेच आवाज वाचून वाजविते. खुद्द यामाहानें २०१६ सालीं काढलेल्या ‘माँटेज’ या मोठ्या कीबोर्डांत सहाऐवजीं आठ लहरींची हीच पद्धति आहे. म्हणून केवळ त्या आवाजाच्या मोहानें कोणीं आज कर्ज काढून जुनें ‘डी-एक्स ७’ विकत घेऊं नये. प्रसिद्ध जुन्या वाद्यांस हौशी संग्राहकांमुळें भाव चढतो, आणि विद्यार्थ्यानें संग्राहकाशीं स्पर्धा करण्यांत अर्थ नाहीं.

तर मग आमचा निर्णय काय? ज्याच्या घरीं असें वाद्य आधींच आहे, त्यानें तें अवश्य न्यावें. मात्र तीन अटींवर. पहिली अट अशी कीं, कार्यक्रमांत त्याला त्याच्या जोगें काम असावें. विद्युत् पियानो, घंटा, मंद्र सूर व ऑर्गनसारखी संथ साथ हीं त्याचीं कामें. एवढीं तें आजही उत्तम करतें, आणि गर्दीच्या वाद्यवृंदांतही त्याचा धारदार सूर बुडत नाहीं. दुसरी अट अशी कीं, कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीं त्याची पूर्ण तपासणी व्हावी. प्रत्येक पट्टी एकदां हळू व एकदां जोरानें दाबून पाहावी. बॅटरीचा आंकडा वाचावा. तारा हलवून खरखर येते काय तें ऐकावें. आणि तीन तास तें सतत चालू ठेवावें, कारण पुष्कळ जुनीं उपकरणें पहिला अर्धा तास बरीं असतात व तापल्यावर आजारी पडतात. तिसरी अट अशी कीं, त्याचे आवाज दुसरीकडे उतरवून ठेवलेले असावेत, व सोबतीस दुसरें कांहीं वाद्य असावें. तें साधा घरगुती कीबोर्ड असो, संगणक असो, कीं आपली पेटी असो. ज्या चिपेस औषध नाहीं ती ऐन वेळीं दगा देऊं शकते. अशा वेळीं श्रोत्यांस गाणें थांबल्याचें कळूं न देणें हेंच साथीदाराचें कर्तव्य होय.

यांपैकीं एकही अट पाळतां येत नसेल, तर तें वाद्य घरीं सरावास ठेवावें व कार्यक्रमासाठीं दुसरें भाड्यानें घ्यावें. एका संध्याकाळपुरतें भाडें देणें हें वर्षभर हप्ते भरण्याहून पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. आणि नवें घ्यावयाचेंच असेल, तर पालकांनीं कीबोर्डांत आवाज किती आहेत हें दुकानदारास विचारण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावेत : पट्ट्या कशा आहेत, वजन किती आहे, आणि बिघडल्यास तो आपल्या जिल्ह्यांत कोण दुरुस्त करतो? आपण जुन्या वाद्यास लाविलेलीं मापेंच नव्यासही लावावींत. आज दुकानांत झगमगणारें वाद्यही एके दिवशीं जुनें होणार आहे, आणि त्याच्याही पोटांत न मिळणाऱ्या चिपा आहेत.

विद्यार्थिमित्रहो, वाद्याचें वय त्याच्या पाठीवरील सालावरून मोजूं नका. ज्याची निगा राखणारा माणूस जवळ आहे तें वाद्य चाळीस वर्षांचें असलें तरी तरुण आहे, आणि ज्याच्या धन्यास त्याचें एकही दुखणें ठाऊक नाहीं तें कालच विकत घेतलें असलें तरी भरंवशाचें नाहीं. तुमच्या घरीं जें वाद्य आहे त्याची ओळख आज संध्याकाळींच करून घ्या. त्याची एकेक पट्टी दाबून पाहा, त्याच्या पाठीवरचा आंकडा वाचा, आणि त्यांतला एखादा तरी आवाज स्वतः घडवून पाहा. मग आईबापांपुढें नव्याची मागणी घेऊन गेलांत, तर ती हट्टाची मागणी न राहतां विचाराची होईल. आणि विचाराच्या मागणीस नकार देणारे आईबाप आमच्या पाहण्यांत फार थोडे आहेत.